बोत, बॉद, बाउतुर: एका होडीत बसून पाच भाषांत कसं शिरायचं

साल्तहोल्मेनच्या धक्क्यावर मी पहिल्यांदा गेले तेव्हा स्वीडिश शिकायला लागून जेमतेम दीड महिना झाला होता. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहराच्या पश्चिम टोकाला हा धक्का. दक्षिणेकडच्या बेटांवर, म्हणजे ब्रेन्नो, स्टिर्सो, व्राँगोकडे जाणाऱ्या बोटी इथून सुटतात. बाकावर एक आजी बसल्या होत्या. पुस्तकात वाचलेला शब्द मी मोठ्या तोऱ्यात उच्चारला, "बाट?" आजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, हसल्या आणि खडकांकडे बोट दाखवलं. त्या बोटाच्या दिशेने मी चालत गेले ती थेट समुद्रस्नानाच्या जागी. तिथे मंडळी टॉवेल गुंडाळून गारठत उभी. आजींना ऐकू आलं होतं 'बाद', म्हणजे आंघोळ, पोहणं. मला हवी होती बोट, आणि ती तोवर सुटली होती.

त्याला आता अकरा वर्षं झाली. इथे नव्याने येणाऱ्या मराठी मंडळींना मी रविवारी सकाळी स्वीडिश शिकवते आणि पहिला अख्खा तास या एकाच शब्दावर घालवते. लोक कुरकुरतात. दूध, तिकीट, डॉक्टरची वेळ, हे सगळं सोडून होडीच का? कारण होडीचा हा शब्द स्वीडिश, नॉर्वेजियन, डॅनिश, आइसलँडिक आणि फेरोईज (फेरो बेटांची भाषा) या पाचही भाषांत मुळात एकच आहे, पण प्रत्येकीने तो आपल्या सवयीप्रमाणे वळवून घेतलाय. त्या सवयी एका शब्दात पकडल्या की पुढचे शेकडो शब्द त्याच वाटेने येतात. शिवाय हा शब्द मराठी माणसाच्या तोंडात आधीपासूनच आहे. ते कसं, ते बघू.

आधी एक घोळ मिटवून टाकते. फिनिश आणि सामी या भाषा शेजारच्या असल्या तरी या कुटुंबातल्या नाहीत. फिनिशमध्ये होडी म्हणजे 'वेने', उत्तर सामीमध्ये 'फानस'. इथला नियम त्यांना लागू करायला जाऊ नका.

डोळ्यांपेक्षा कानावर भिस्त ठेवा

लिहिताना हा शब्द असा दिसतो: बी, मग डोक्यावर छोटं वर्तुळ असलेला ए, मग टी. मी फसले ती त्या मधल्या अक्षराने. ते 'ए'चं सजवलेलं रूप नाही, ते वेगळं अक्षर आहे आणि इथे त्याचा उच्चार आहे लांब 'ओ'. म्हणून शब्द होतो 'बोऽत'.

आता आपली 'बोट' म्हणा. 'ओ' जरा ताणा आणि 'ट'च्या जागी 'त' आणा, जीभ टाळूला न लावता वरच्या दातांच्या मागे. झालं तुमचं स्वीडिश. इंग्रजीच्या वळणाने बोलणाऱ्यांना हा 'त' सुधारायला महिने लागतात, आपल्याला अर्धं मिनिट. मात्र वर्तुळ विसरून साधा 'ओ' लिहिलात तर शब्द 'बूत' होतो, आणि त्याचा अर्थ उपाय किंवा प्रायश्चित्त. त्यामुळे वर्तुळ विसरायचं नाही.

हे साम्य योगायोगाचं नाही. जुन्या इंग्रजीत 'बात' असा शब्द होता. जुन्या नॉर्सने, म्हणजे या पाचही भाषांच्या आईने, तो तिकडून उचलून 'बातर' केला, असं भाषांचे अभ्यासक मानतात. नॉर्सचा स्वतःचा त्याच मुळातला शब्द होता 'बेइत', पण तो कवितेपुरता उरला आणि पुढे विरला. तोच जुना इंग्रजी शब्द इंग्रजीत बदलत बदलत 'बोट' झाला आणि तिकडून मराठीत आला. म्हणजे आपली बोट आणि यांची बोत या सख्ख्या चुलत बहिणी. हे सांगितलं की वर्गातली कुरकुर थांबते.

स्वीडिशमध्ये अजून एक गोष्ट आपल्या सोयीची आहे. एक होडी 'एन बोत', ती होडी 'बोतेन', अनेक होड्या 'बोतार', आणि त्या होड्या? लिहितात 'बोतार्ना', पण गोथेनबर्ग आणि स्टॉकहोमकडे 'र' आणि 'न' एकत्र आले की त्यांचा चक्क 'ण' होतो. ऐकू येतं 'बोताणा'. आपल्या 'पाणी'तला 'ण'. 'र' आणि 'त' भेटले की 'ट' होतो, म्हणून नौकेसाठीचा सरकारी शब्द 'फार्तीग' असा लिहिला तरी बोलताना 'फाटीग'. इतर देशांतून आलेले माझे वर्गमित्र या 'ण'वर घाम गाळायचे आणि मी मागच्या बाकावर निवांत. दक्षिणेला स्कोनेत मात्र 'र' घशातून काढतात, त्यामुळे तिथे हा 'ण' ऐकू येत नाही.

आता सूर. 'बोतेन' म्हणताना आवाज एकदाच चढून उतरतो. 'बोतार' म्हणताना दोनदा चढतो, दुसऱ्या भागावर पुन्हा. हाताने करून बघा: 'बोतेन'ला हात एकदा वर-खाली, 'बोतार'ला दोनदा. नॉर्वेजियनमध्येही असाच फरक आहे. सुरुवातीला हे जमलं नाही तरी बोट चुकत नाही, लोक समजून घेतात. पण कान तयार झाला की गर्दीत अर्धवट ऐकू आलेलं वाक्यही एका होडीबद्दल आहे की अनेक, हे कळू लागतं.

नॉर्वे: शब्द एक, लिहिण्याच्या रीती दोन

नॉर्वेत उच्चार जवळजवळ तोच, 'बोत'. पण नॉर्वेजियन दोन अधिकृत पद्धतींनी लिहितात. बूकमोलमध्ये होड्या 'बोतर' आणि त्या होड्या 'बोतने', तर नीनॉर्स्कमध्ये 'बोतार' आणि 'बोताने'. पश्चिम किनाऱ्यावर दुसरी पद्धत जास्त दिसते. दोन्ही बरोबर आहेत. तुम्ही एक निवडा आणि एकाच पत्रात दोन्हींची खिचडी करू नका.

डेन्मार्क: इथे जरा थांबा

डॅनिशमध्ये शेवटी 'टी' नाही, 'डी' लिहितात. यामागे एक नियम आहे, आणि तो लक्षात ठेवला तर डॅनिश अर्ध्याने सोपी होते: स्वरानंतर जिथे शेजाऱ्यांकडे प, त, क असतात तिथे डॅनिशमध्ये ब, द, ग लिहिलेले सापडतात. स्वीडिश 'बूक' म्हणजे पुस्तक, डॅनिशमध्ये शेवटी 'जी'. स्वीडिश 'मात' म्हणजे अन्न, डॅनिशमध्ये शेवटी 'डी'. जहाजाला नॉर्वेत शेवटी 'पी', डेन्मार्कमध्ये 'बी'. होडीचं तेच.

पण 'डी' लिहिला म्हणजे 'ड' म्हणायचा असं नाही, आणि 'द'ही नाही. माझ्या कचेरीत एक डॅनिश बाई आहे. एका दुपारी तिने मला प्रसाधनगृहातल्या आरशासमोर उभं केलं आणि म्हणाली, "जिभेचं टोक खालच्या दातांच्या मागे टेकव आणि तिथून हलू देऊ नकोस. आता फक्त जिभेचा पुढचा भाग वर उचल आणि आवाज काढ." मी काढला. 'ल' आणि 'द' यांच्या मधलं, मऊ, घरंगळणारं काहीतरी बाहेर आलं. "हां, हेच," ती म्हणाली. नवख्या कानाला हा आवाज 'ल'च वाटतो, म्हणून होडी ऐकू येते 'बॉल'सारखी. मी इथे 'बॉद' लिहिते ती निव्वळ सोय.

त्यात आणखी एक बारकावा. एकवचनी 'बॉद' म्हणताना मध्येच घसा क्षणभर आवळतो. नकार देताना आपण 'अं-अं' म्हणतो, तेव्हा दोन 'अं'च्या मध्ये जी कळ बसते तीच ही. नॉर्वेत आणि स्वीडनमध्ये जे काम सूर करतो, ते डॅनिशमध्ये बरंचसं ही कळ करते. अनेकवचन 'बॉदे' झालं की कळ निघून जाते.

आणि या अनेकवचनातच गंमत आहे. डॅनिशमध्ये 'हे आणि तेही' अशा अर्थाचा 'बॉदे' नावाचा वेगळा शब्द आहे, स्पेलिंगही अगदी तेच. त्यामुळे बंदरात 'बॉदे बॉदे ओ स्कीबे' आहेत असं म्हटलं तर चूक नाही. अर्थ एवढाच की होड्याही आहेत आणि जहाजंही. स्वीडिश आणि नॉर्वेजियनमध्येही 'दोन्ही'साठी साधारण हाच शब्द आहे, पण तिथे होडीत 'त' असल्याने गोंधळ होत नाही.

डॅनिश लिखाणात १९४८ च्या शुद्धलेखन सुधारणेपर्यंत वर्तुळवाला ए नव्हता, त्याऐवजी दोन ए लिहायचे. नामांचं पहिलं अक्षरही तोवर मोठं असायचं. म्हणून जुन्या डॅनिश पुस्तकात मोठा बी, दोन ए आणि डी दिसला तर बावरू नका, ती आपलीच होडी. नॉर्वेने हे अक्षर १९१७ मध्ये घेतलं. स्वीडिशमध्ये ते सोळाव्या शतकापासून आहे. गावांची नावं अजून हट्टाने जुन्या रूपात भेटतात: डेन्मार्कच्या ऑरहूस शहराने २०११ मध्ये दोन ए परत घेतले.

आइसलँड आणि फेरो: विभक्ती आठवा

आइसलँडिकमध्ये ए वर वर्तुळ नसतं, तिरकी रेघ असते, आणि उच्चार 'आउ'. शब्द 'बाउतुर'. त्यांच्या 'ब'मध्ये घोष नसतो, त्यामुळे आपल्या कानाला तो सरळ 'पाउतुर' ऐकू येतो. बिनधास्त 'प' म्हणा, ते खूश होतील. उत्तरेकडे, आकुरेरीच्या बाजूला, मधल्या 'त'मध्ये हवा मिसळते आणि तो 'थ'कडे झुकतो. फेरोईजमध्ये लिहितात आइसलँडिकसारखंच, पण म्हणतात 'बोआतुर'.

शेवटचा तो 'उर' म्हणजे जुन्या नॉर्सच्या 'बातर'मधला 'र' अजून टिकलेला. तो प्रथमेचा प्रत्यय आहे. बाकीच्या तिघींनी विभक्त्या जवळजवळ सोडून दिल्या, या दोघींनी जपल्या. आइसलँडमध्ये शब्द चालवून दाखवायची एक ठरलेली रीत आहे. 'इथे आहे', 'बद्दल', 'पासून' आणि 'कडे' असे चार शब्द पुढे लावायचे आणि नाम म्हणत जायचं:

ह्येर एर बाउतुर, उम बाउत, फ्राउ बाउति, तिल बाउत्स.

शाळेत प्रथमा, द्वितीया, तृतीया घोकलेल्या माणसाला याची काय भीती? आपण तर रोज हेच करतो. बोट पाण्यात जाते तेव्हा 'बोटीत' बसतो आणि काटा रुततो तेव्हा 'बोटात' रुततो. ती बोट आणि ते बोट यांतला फरक प्रत्ययाआधीच्या एका स्वरावर पेलतो. ज्याच्या जिभेवर सामान्यरूप खेळतं, त्याला 'बाउति' आणि 'बाउत्स' जड जाऊ नयेत. स्वीडिश लोक आइसलँडिक शिकताना याच जागी अडखळतात, आणि मला त्याचा थोडासा आनंद होतो हे कबूल करते.

'ती' होडी शेपटीत असते

आपल्याकडे शब्दयोगी अव्ययं आणि प्रत्यय नामाच्या मागे चिकटतात. इथे ठरावीक वस्तू दाखवायची खूण तशीच मागे चिकटते. बोत, बोतेन. बॉद, बॉदन. बाउतुर, बाउतुरिन. हे सगळ्यांना लगेच जमतं.

अडचण येते ती विशेषण आल्यावर. 'ती मोठी होडी' म्हणायची तर स्वीडिशमध्ये खूण दोनदा लागते, पुढेही आणि मागेही: 'देन स्तूरा बोतेन'. नॉर्वेजियनमध्येही दोनदा. डॅनिश माणूस म्हणतो, पुढे 'देन' लावलं ना, मग शेपूट कशाला? 'देन स्तोर बॉद', बस. आइसलँडिकमध्ये उलट, पुढचा शब्द नाही, फक्त शेपूट: 'स्तोउरी बाउतुरिन'. माझ्या डॅनिश मैत्रिणीचं स्वीडिश एरवी सुरेख आहे, पण वीस वर्षांनंतरही ती ही दुसरी खूण गिळते. त्यावरून ती कुठली हे ओळखू येतं.

होडी कुठे संपते, जहाज कुठे सुरू होतं

कायद्याने विचाराल तर स्वीडनमध्ये उत्तर मीटरमध्ये आहे. १९९४ च्या सागरी कायद्यानुसार ज्या नौकेचा सांगाडा किमान १२ मीटर लांब आणि किमान ४ मीटर रुंद आहे ती 'शेप', म्हणजे जहाज. बाकी सगळ्या 'बोत'. दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात, त्यामुळे लांबलचक पण अरुंद नौका कायद्याच्या लेखी होडीच राहते. 'शेप'मधला पहिला आवाज मी आपला 'श' लिहिलाय, पण गोथेनबर्गकर तो घशातून फुंकर घालत काढतात. तो ऐकूनच शिका, लिहून सांगता येत नाही. नॉर्वेत 'शीप', डेन्मार्कमध्ये 'स्कीब', आइसलँडमध्ये 'स्कीप', फेरोत पुन्हा 'शीप'.

लिंगाची एक सोय सांगते. जहाज या पाचही भाषांत नपुंसकलिंगी आहे, आपल्या 'ते जहाज'सारखंच. होडी मात्र तशी नाही: नॉर्वेजियन, आइसलँडिक आणि फेरोईजमध्ये ती पुल्लिंगी, स्वीडिश-डॅनिशमध्ये 'एन'वाल्या सामायिक गटातली. 'ती बोट' आणि 'ते जहाज' वेगळ्या लिंगांची आहेत एवढं लक्षात ठेवलंत की 'एन' आणि 'एत' (नपुंसकलिंगी नामापुढचं 'एक') चुकणार नाही.

पण बोलण्यात मीटरपट्टी कोणी काढत नाही. स्टॉकहोमहून फिनलंडला रात्रभर जाणारी, शेकडो खोल्या, दुकानं आणि नाचगाण्याचा मजला असलेली प्रचंड नौका 'फिनलांड्सबोतेन' असते. ओस्लोची मंडळी डेन्मार्कला जातात ती 'दान्स्केबोतेन'ने. कायद्याने हे जहाज, कामाने ही फेरी, बोलताना मात्र होडी. उलट १६२८ मध्ये पहिल्याच फेरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडालेल्या आणि १९६१ मध्ये वर काढलेल्या 'वासा'ला होडी म्हणून बघा, लोक दुखावल्यासारखे पाहतील. ते 'शेप'च.

मी वापरते तो नियम असा: मी प्रवासी म्हणून चढणार असेन तर 'बोत' कधीच चुकत नाही. गाड्या वाहून नेणारी, रस्त्याचाच तुकडा असल्यासारखी सपाट पिवळी फेरी असेल तर 'फॅर्या'. स्वीडनमध्ये या पिवळ्या सरकारी फेऱ्यांना तिकीट नसतं. नवखे लोक तिथे पाकीट काढून उभे राहतात, मीही राहिले होते.

छोट्या होड्यांच्या नावांचं मात्र जंगल आहे, आणि तिथे शब्दकोश फसवतो. स्वीडिश 'एका' म्हणजे साधी वल्ह्याची होडी. नॉर्वेजियन 'प्राम' म्हणजे चपट्या नाकाची छोटी होडी, पण स्वीडिश 'प्रोम' म्हणजे माल वाहणारा भलामोठा तराफा. सगळ्यात मजेशीर प्रवास 'स्नेक्या'चा. वायकिंग काळात ही लढाऊ नौका होती. आज नॉर्वेत 'स्नेक्के' म्हणजे टुक-टुक करत जाणारी, आजोबांनी सुकाणू धरलेली छोटी मोटरहोडी, आणि आइसलँडमध्ये 'स्नेक्या' म्हणजे श्रीमंताची यॉट. नॉर्वेची 'फॅरिंग' मला विशेष आवडते. नावातच चार वल्ही आहेत, सहा झाली की 'सेक्सॅरिंग'. फेरोत वल्ही सोडून माणसं मोजतात: 'सेक्समान्नाफार', सहा माणसांची. फळीवर फळी चढवून खिळे ठोकायची ही जुनी उत्तरेकडची होडीबांधणी २०२१ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

क्रियापदांपैकी एकाचीच सूचना देते. स्वीडिश 'सेग्ला' म्हणजे शिडाने जाणं. डॅनिश 'साइले' म्हणजे पाण्यावरून जाणं, मग मोटर असो की शीड. डॅनिश मैत्रिणीने 'साइले' करायला बोलावलं तेव्हा मी शिडाच्या दोऱ्या ओढायला हातमोजे घेऊन गेले. तिच्या होडीला शीडच नव्हतं.

लसणाच्या दोन होड्या

बर्गेनच्या एका ओळखीच्या बाईंनी मला माशाच्या सुपाची कृती पाठवली. त्यात लिहिलं होतं, 'तू बोतर व्हीतलक', म्हणजे शब्दशः लसणाच्या दोन होड्या. मी पाच मिनिटं त्या कागदाकडे बघत बसले. दोन गड्ड्या? दोन वाट्या? शेवटी लसूण सोलताना पाकळी ओट्यावर पडली आणि पाठीवर डुलायला लागली. टोकं वर, मधे फुगीर. होडीच की!

नॉर्वेजियन आणि डॅनिश स्वयंपाकघरात फळाची किंवा भाजीची लांबट फोड म्हणजे होडी. सफरचंद होड्यांमध्ये कापायचं, लिंबाची होडी माशाशेजारी ठेवायची, बटाट्याच्या होड्या भाजायच्या. स्वीडिशमध्ये हे चालत नाही, तिथे फोड म्हणजे 'क्लिफ्त'. स्वीडिश खानावळीत लिंबाची होडी मागितलीत तर वाढपी विनोद समजून हसेल. आइसलँडमध्ये लांबट पावाचं भरलेलं सँडविचही 'बाउतुर' असतं.

तोंडी लावायला म्हणी

पाच भाषांतल्या सगळ्या म्हणी पाठ करू नका. दोन-तीन पुरतात. स्वीडिश 'ये नोगोन पो बोतेन', शब्दशः एखाद्याला होडीवर देणं, म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं, त्याचा नाद सोडणं. नॉर्वेजियनमध्येही हीच, आणि आइसलँडिकमध्ये 'ग्येवा उप आउ बाउतिन'. कुणाचं लग्न मोडलं, कुणी अभ्यासक्रम अर्धवट सोडला, की ही ऐकू येते.

आइसलँडिक लोक हात टेकताना वल्ही होडीत ठेवतात: 'लेग्या आउरार ई बाउत'. आणि आपल्या 'नाचता येईना अंगण वाकडे'ला त्यांच्याकडे अगदी जुळता जोड आहे: 'आउरिन्नी केन्नीर इत्लुर राइदारी'. वल्हवता येईना, दोष वल्ह्याला.

रोजचा सराव

शब्दकोशात शोधताना वर्णक्रम सांभाळा. स्वीडिश, नॉर्वेजियन, डॅनिश, तिघींतही वर्तुळवालं अक्षर मुळाक्षरांच्या शेवटी येतं, त्यामुळे होडी 'ब'च्या पानांत अगदी मागे सापडते. ए-च्या जवळ शोधलीत तर शब्दच नाही असं वाटेल. आइसलँडिकमध्ये रेघवालं अक्षर मात्र साध्या ए-च्या लगेच पाठीमागे. फोनवर ए दाबून धरला की दोन्ही रूपं वर येतात. विंडोजच्या संगणकावर ऑल्ट दाबून बाजूच्या आकड्यांवर ०२२९ मारलं की वर्तुळ, ०२२५ मारलं की रेघ.

बंदरात गेलात तर छोट्या होड्यांच्या धक्क्याची पाटी वाचा. स्वीडिशमध्ये 'स्मोबोत्सहाम्न', मधे एक 'स' घुसलेला. नॉर्वेत 'स्मोबोतहाव्न', 'स' गायब. डेन्मार्कमध्ये शब्दच वेगळा, हौशी होड्यांचं बंदर, पण आत 'बॉदे' आहे. आइसलँडमध्ये 'स्माउबाउताहोप्न', यातला 'बाउता' म्हणजे षष्ठीचं अनेकवचन, 'होड्यांचं'. या चार पाट्या मी माझ्या वर्गाच्या भिंतीवर लावल्या आहेत.

आणि रोज एक जाहिरात वाचा, होडी विकायची. वाक्यं तोकडी असतात, शब्द तेच तेच येतात, आणि पाचही भाषांत अशा जाहिराती भरपूर. लांबी, फळ्यांचं लाकूड, मोटर किती अश्वशक्तीची, गळते का. माझी एक विद्यार्थिनी महिनाभर नॉर्वेजियन जाहिराती वाचत होती. परवा तिने मला एक दाखवली: जुनी फॅरिंग, रंग उडालेला, किंमत बोलून ठरवू. शेवटी तीन शब्द होते, 'ओरर फल्गर मे'. तिने ते शब्दकोश न उघडता वाचले, वल्ही सोबत मिळतील, आणि मग मलाच विचारलं, "ताई, एवढी होडी बसमधून आणता येईल का हो?"